‘क्रेडिट कार्डचा चार्ज भरूच नका’ हा मेसेज पुढे पाठवायच्या आधी हे वाचा

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रांच्या, कारखान्यातल्या पोरांच्या आणि परवा तर सासरच्या ग्रुपवर पण. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यात म्हटलंय की कार्डवाल्यांनी चुकीचा चार्ज लावला तर एक रुपया भरू नका, ते आपोआप गप्प बसतात. कार्ड कात्रीने कापलं की विषय संपला. मिनिमम, म्हणजे बिलावर छापलेली किमान रक्कम, भरत राहिलात तर व्याज लागत नाही. सुप्रीम कोर्टाने 30 टक्क्यांच्या वरचं व्याज बेकायदा ठरवलंय. 7 वर्षांनी सगळं माफ होतं. बँका-कार्डवाल्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा आरबीआयचा लोकपाल नुसता नावाला आहे, मुंबईचे खेटे आणि वकिलाशिवाय तिथे काही होत नाही. आणि सगळ्यात खाली एक मोबाईल नंबर, "चार्ज माफीसाठी इथे फोन करा".

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, बारा वर्षं झाली, सगळे दिवाणजी म्हणतात, त्यामुळे माग चालवणाऱ्यापासून मालकाच्या पाहुण्यापर्यंत जो तो आपलं बिल घेऊन माझ्या टेबलाशी येतो. हा मेसेज ज्याने लिहिला त्याचा राग मला शंभर टक्के मान्य आहे, कार्डवाले लुबाडतात हे मी रोज कागदावर बघतो. पण यात सांगितलंय तसं वागलात तर मार आपल्यालाच बसतो, आणि पहिल्याच मुद्द्यात मी स्वतः पोळलोय.

आधी तो खालचा मोबाईल नंबर, कारण बाकीचं चुकलं तर पैसे हळूहळू जातात, हे चुकलं तर दहा मिनिटांत खातं रिकामं होतं. कुठल्याही कार्ड कंपनीचा चार्ज माफ करायचा अधिकार कुठल्या दहा आकडी मोबाईल नंबरवाल्याला नसतो. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागे छापलेला नाहीतर बिलावरचा, गूगलवर शोधून जो पहिला दिसतो तो पण नको, तिथेही चोरांनी आपले नंबर टाकून ठेवलेत. आणि ओटीपी सांगितला की कायदा पण आपल्या बाजूने फारसा उभा राहत नाही. 2017 सालच्या आरबीआयच्या नियमात आहे की चूक तिसऱ्याचीच असेल, आपली नसेल बँकेची पण नसेल, आणि आपण 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर आपली जबाबदारी शून्य. पण ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून फसलात तर लाजत बसू नका, त्या मिनिटाला कार्ड ब्लॉक करा आणि सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरला फोन लावा.

"चुकीचा चार्ज आला तर एक रुपया भरू नका." हे मी केलंय. सात रस्त्याजवळ एका स्टॉलवर एका पोराने मला कार्ड दिलं, लाईफटाईम फ्री म्हणाला, मी पण कागद न वाचता सह्या केल्या. दुसऱ्या वर्षी बिलात वार्षिक फी 499 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 588 रुपये 82 पैसे. फोन लावला तर मराठीसाठी अमुक दाबा, मग कार्डाचे शेवटचे चार आकडे, मग जन्मतारीख, मग नुसतं संगीत, बावीस मिनिटांनी एक मुलगी आली, "सर मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ" म्हणाली आणि लाईन कट, परत लावला तर परत पहिल्यापासून सगळं, आठवड्यात सात वेळा हेच. मला इतका संताप आला की म्हटलं जा, देत नाही. पुढच्या बिलात त्या 588 वर 500 रुपये लेट फी आणि तिचा 90 रुपये जीएसटी, म्हणजे दंड मूळ रकमेपेक्षा मोठा. तिसऱ्या बिलात लेट फीचा वरचा टप्पा लागला आणि आकडा दोन हजारांच्या वर. मी एक रुपयाचीही खरेदी केलेली नव्हती. वर्षभराने गाडीच्या लोनसाठी गेलो तेव्हा समोरच्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली, सिबिलमध्ये, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतं त्याच्या नोंदीत, मी थकबाकीदार. पोटात गोळा आला हो, बारा वर्षं लोकांचे हिशोब चोख ठेवणारा माणूस मी.

तेव्हा मला जे कळलं नव्हतं ते आता सगळ्यांना सांगतो. वाद आणि पेमेंट या दोन वेगळ्या गोष्टी ठेवायच्या. ज्या खरेदीबद्दल वाद नाही ती तारखेच्या आत पूर्ण भरायची. कुणीतरी फसवून केलेला व्यवहार असेल आणि तशी तक्रार केली असेल तर निकाल लागेपर्यंत त्या व्यवहारावर कंपनीला चार्ज लावता येत नाही, हे 2022 च्या आरबीआयच्या नियमांत लिहिलेलं आहे. पण फीचं भांडण त्यात मोडत नाही, तिथे दंड चढत राहतो. म्हणून छोटी रक्कम असेल तर "ही फी मला मान्य नाही, तक्रार करून भरतोय, परत द्यावी" असा ईमेल टाकून भरून टाकायची आणि मग परत मागायची. ऐकायला कमीपणाचं वाटतं मला माहितेय, पण असं केलं असतं तर माझं भांडण 588 रुपयांवर राहिलं असतं, दोन हजार आणि बिघडलेल्या सिबिलपर्यंत गेलं नसतं. बिलाला हरकत घेतली की कंपनीने 30 दिवसांत खुलासा द्यायचा असतो, लागेल तिथे कागदोपत्री पुराव्यासकट, तो हक्क पैसे भरल्याने जात नाही.

आणि एखादा दिवस उशीर झाला म्हणून लेट फी लावली असेल तर तारीख मोजा. देय तारखेनंतर 3 दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लेट फी लावता येते आणि तरच थकबाकी म्हणून सिबिलसारख्या कंपन्यांना कळवता येतं. व्याजाचा हिशोब त्यापासून वेगळा आहे, तो 3 दिवसांच्या सवलतीत येत नाही.

"कार्ड कापलं की बंद." नाही. कापला तो प्लास्टिकचा तुकडा, खातं तिकडे चालूच आहे, वार्षिक फी लागतच राहते. बंद करायचं तर तशी विनंती करा, ईमेल, ॲप, वेबसाईट, हेल्पलाईन यातला कुठलाही मार्ग चालतो, पोस्टानेच अर्ज पाठवा असा हट्ट त्यांना करता येत नाही. सगळी बाकी भरलेली असेल तर विनंती आल्यापासून 7 कामकाजाच्या दिवसांत त्यांनी बंद करायचं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये त्यांनी आपल्याला द्यायचे. हा नियम 2022 पासून आहे आणि दहातल्या नऊ जणांना मी सांगितला की ते माझ्याकडे बघतच राहतात. लाईट बिल नाहीतर रिचार्ज त्या कार्डवर लावून ठेवलं असेल तर ते आधी काढा, नाहीतर शेवटच्या क्षणी शंभर-दोनशेची बाकी उभी राहते आणि तीच सबब होते. बंद झाल्याचा ईमेल आला की जपून ठेवा.

न मागता कार्ड घरी आलं, किंवा न विचारता मोठं कार्ड करून दिलं आणि त्याचे चार्ज लावले, तर ते चार्ज परत आणि वर त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून कंपनीने आपल्याला द्यायची. असा एकही रुपया सोडू नका.

"मिनिमम भरलं की व्याज नाही." या एका वाक्याने जेवढी घरं कर्जात गेलीत तेवढी कदाचित दुसऱ्या कशाने गेली नसतील. समजा बिल 40,000, मिनिमम साधारण 5 टक्के म्हणजे 2,000, ते तुम्ही भरले आणि निवांत झालात. उरलेल्या 38,000 वर महिन्याला साडेतीन टक्क्याने 1,330 रुपये व्याज, त्या व्याजावर परत 18 टक्के जीएसटी, झाले 1,569. म्हणजे तुमच्या 2,000 मधून कर्ज फिटलं फक्त 431 रुपयांचं. खरं बिल याहून वाईट असतं कारण पूर्ण भरलं नाही की खरेदीच्या तारखेपासून व्याज मोजतात, आणि पुढच्या महिन्यात दवाखान्याचं, किराण्याचं जे नवीन घ्याल त्याला पण बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. मिनिमम भरल्याने लेट फी आणि थकबाकीची नोंद वाचते, बस. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे, न भरलेली फी, दंड, टॅक्स हे मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायला आरबीआयने मनाई केलीय. बिलात तसं दिसलं तर लगेच हरकत घ्या.

सुप्रीम कोर्टाचं तर बरोबर उलटं आहे. 30 टक्क्यांची मर्यादा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली घातली होती, आणि 20 डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने तोच निकाल रद्द केला. आज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज घेणारी कार्डं राजरोस चालू आहेत. मला हे पटतं का, नाही पटत, खाजगी सावकाराच्या नावाने आपण बोटं मोडतो आणि इथे 42 टक्के. पण कोर्टाने बेकायदा ठरवलंय असं समजून कुणी भांडायला गेला तर पहिल्याच फोनवर गप्प बसावं लागेल.

7 वर्षांचं तेवढ्यात सांगतो. क्रेडिट माहितीवाल्या कंपन्यांनी नोंद किमान 7 वर्षं ठेवायची असा तो नियम आहे, माफीशी त्याचा संबंध नाही. एवढ्या काळात पोराचं शिक्षणाचं कर्ज, घराचं कर्ज, सगळं अडतं. आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले तर त्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, केला तर वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रारीत लावायला.

आता लोकपाल. इथे मला सगळ्यात जास्त राग आला, कारण जे एक हत्यार खरंच आपल्या हातात आहे तेच हा मेसेज काढून घेतोय. 12 नोव्हेंबर 2021 ला आरबीआयने सगळे लोकपाल एक केले, तेव्हापासून तक्रार घरबसल्या ऑनलाईन टाकता येते, नाहीतर साध्या टपालाने चंदीगडला पाठवता येते, मुंबईला जायची गरज नाही. एक रुपया फी नाही. वकील तर लागतच नाही. विचारायचं असेल तर 14448 नंबर आहे आणि तिथे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्ये पण बोलता येतं, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय पाहिजे. मुख्य अट ही, आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली पाहिजे, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपाल. फोनवर तासभर भांडलात त्याला पुरावा नाही. म्हणून फोन केलाच तर शेवटी तक्रार क्रमांक मागून घ्या आणि त्याच दिवशी तो क्रमांक टाकून ईमेल करा. तिथल्या पोरीला शिव्या घालून काही होत नाही, तिच्या हातात नसतं, ती पण पगारावर आहे. नोडल ऑफिसर, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेला कंपनीचा वरचा अधिकारी, त्याचा ईमेल कंपनीच्या वेबसाईटवर असतो, तिथे जा. लोकपालने समाधान नाही झालं तर सोलापुरातच जिल्हा ग्राहक आयोग आहे, 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथेच दावा टाकता येतो, कंपनीचं ऑफिस कुठेही असो.

माझे पैसे असेच परत आले. नोडल ऑफिसरला ईमेल, सोबत स्टॉलवरच्या पोराने पाठवलेला "सर लाईफटाईम फ्री आहे" हा व्हॉट्सॲप मेसेज, आणि खाली एक ओळ की 30 दिवसांनी लोकपालकडे जातोय. 23 व्या दिवशी फी, लेट फी, जीएसटी सगळं उलटं जमा. सिबिलची नोंद दुरुस्त व्हायला अजून वेगळी तक्रार करावी लागली. तिथे पण 30 दिवसांची मुदत आहे, ती उलटली तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. आणि वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघत जा.

आता अशोक चौकातल्या आमच्या अक्का, शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे त्यांचं, सहा मशिनी. जूनचा सीझन म्हणून फोनवर कोण काय बोलतंय याकडे लक्ष नव्हतं, नुसतं "हं, हं" म्हणाल्या आणि बिलात 1,770 रुपये, कार्डाबरोबरच्या विम्याचे. विम्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती लागते, लेखी किंवा डिजिटल, फोनवरच्या हुंकाराला संमती म्हणत नाहीत. त्या पण हाच मेसेज वाचून कार्ड कापायला निघाल्या होत्या, कात्री हातातच होती. म्हटलं अक्का थांबा. खरेदीचं बिल पूर्ण भरलं, विम्याचे पैसे पण मान्य नाही असं लिहून भरले, आणि शिवणाच्या टेबलावर बसून त्यांच्याच मोबाईलवरून ईमेल टाकला, त्यांनी तेलुगूत सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं. आज 19 वा दिवस आहे. तक्रार क्रमांक त्यांनी खडूने भिंतीवर लिहून ठेवलाय, मापाच्या टेपशेजारी. 30 झाले आणि उत्तर नाही आलं तर त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन तिकडे जाणार आहे, ज्यांच्या बिलात असंच काही घुसलंय त्यांनी शेवटच्या तीन महिन्यांची बिलं घेऊन या, सगळ्यांच्या तक्रारी एकत्रच भरून टाकू.