चित्रकलेचा तास मुलांना परत द्या

आज संध्याकाळी कार्डपेपर घ्यायला आमच्या भागातल्या स्टेशनरीच्या दुकानात गेले होते. माझ्या पुढे एक आई आणि तिची सातवीतली असावी अशी मुलगी उभी होती. आईने पिशवीतून चित्रकलेची वही काढून काउंटरवर ठेवली आणि विचारले, "काका, शुक्रवारपर्यंत पूर्ण करून मिळेल ना?" दुकानदाराने वही चाळली, विषयांची यादी पाहिली, एका पानाचे किती पडतील ते सांगितले आणि रंगवून हवे असेल तर वेगळे पैसे होतील, हेही सांगितले. मुलीला कोणी काही विचारले नाही. ती काउंटरवरच्या रंगाच्या डब्या एकेक करून उचलून पाहत होती.

मला राहवले नाही. मी त्या ताईंना विचारले, "तिला स्वतःला काढायला आवडत नाही का?" त्या म्हणाल्या, "आवडतं हो, पण शाळेत तास होतच नाही. गणिताला देतात. आणि वही तर तपासायला द्यायची आहे." मग त्या घाईने निघून गेल्या, कारण मुलीची शिकवणी सुरू होण्याची वेळ झाली होती.

घरी आल्यापासून मन शांत होत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

शाळेने तास घ्यायचा नाही, वही मात्र मागायची. ती वही पैसे घेऊन तिसऱ्याच माणसाने भरायची. मग त्या तिसऱ्याच माणसाच्या चित्रांना शाळेने श्रेणी द्यायची आणि ती मुलीच्या प्रगतिपुस्तकात लिहायची. या सगळ्या साखळीत एकाही मोठ्या माणसाला काही चुकते आहे असे वाटू नये, याचा मला राग येतो. भाषेचा निबंध असा उघडपणे दुकानात लिहून घेतला तर आपण त्याला फसवणूक म्हणू. चित्राच्या बाबतीत मात्र आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले आहे की त्यात फसवण्यासारखे मुळी काही नसतेच.

माझे शिक्षण सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या एका लहान गावातल्या माध्यमिक शाळेत झाले. आम्हाला चित्रकलेला एक सर होते. चित्रकलेची वेगळी खोली नव्हती, म्हणून सर वर्गातलेच एक स्टूल मध्यभागी ओढून घेत, त्यावर जुने जुनेर पसरत आणि घरून आणलेला पितळी तांब्या ठेवत. शेजारी कधी दोन वांगी, कधी कांदा. एलिमेंटरी या शासकीय रेखाकला परीक्षेतल्या वस्तुचित्राची तयारी म्हणून त्यांनी पहिल्यांदा हे मांडले त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी पेन्सिली टोकदार करून ठेवल्या होत्या. सरांनी त्या दप्तरात ठेवायला लावल्या. त्या पूर्ण तासात कोणी एक रेघसुद्धा ओढायची नव्हती. फक्त बघायचे आणि काय दिसते ते एकेकाने उठून सांगायचे.

पहिल्या बाकांवरच्या आम्हा हुशार म्हणवल्या जाणाऱ्या मुलांनी सांगितले की तांब्या आहे, तो पिवळा आहे, त्याला काठ आहे. सर प्रत्येकाला "बरं" म्हणून खाली बसवत होते. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याला मराठीचा धडासुद्धा अडखळत वाचता यायचा आणि त्यामुळे इतर तासांना तो बहुधा उभाच असायचा. तो म्हणाला, "सर, तांब्यात खिडकी हाय." आम्ही हसलो. सरांनी आम्हाला गप्प केले, त्या मुलाला स्टुलाजवळ बोलावले आणि खिडकी कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितले. तांब्याच्या फुगीर पोटावर वर्गाची खिडकी वाकून उमटलेली होती, गजांसकट. नंतर आम्ही सगळे रांगेने जाऊन ती पाहून आलो. ती सुरुवातीपासून तिथेच होती आणि आमच्यापैकी कोणाला दिसली नव्हती.

चित्रकलेचा तास कशासाठी असतो, असे मला कोणी विचारले तर माझ्याकडे याहून दुसरे उत्तर नाही. समोर जे आहे ते खरोखर पाहण्याची सवय तिथे लागते, आणि ती लावणारा दुसरा तास शाळेच्या वेळापत्रकात मला तरी आठवत नाही. प्रयोगशाळेत ती लागू शकते, हे मी मान्य करते. पण किती शाळांत मुलांच्या हाताला परीक्षानळी लागते, हेही आपण जाणतो.

याच सरांनी आमच्याकडून डोंगर, सूर्य आणि झोपडी काढण्याची खोड सोडवली. तुम्हा सगळ्यांना ते चित्र माहीत आहे. दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठावर एक नारळाचे झाड. आमचा तालुका दुष्काळी. आमच्यापैकी बहुतेकांनी नारळाचे झाड डोळ्यांनी पाहिलेले नव्हते आणि बारमाही वाहणारी नदी तर नाहीच. तरीही कागद मिळाला की आम्ही नारळच काढायचो, कारण कोणीतरी कधीतरी फळ्यावर तो काढून दाखवला होता. सरांनी आम्हाला शाळेमागच्या बाभळीखाली नेऊन बसवले. स्मरणचित्राचा सराव म्हणजे आठवडी बाजारात वही न घेता फिरून यायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात आठवून काढायचे. तराजू धरणाऱ्या हाताचे कोपर कुठे येते, डोक्यावर पाटी असलेली बाई मान कशी धरते, हे आम्ही तेव्हापासून बघू लागलो.

आज शहरातल्या शाळांत डोंगर आणि सूर्य मागे पडून त्यांच्या जागी वारली आली आहे, आणि त्याचेही मला दुःखच वाटते. डहाणू, तलासरीकडच्या पाड्यांवर लग्नाच्या वेळी सवासिनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात, त्यातून ही कला आली आहे. जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. यातले काहीही न सांगता मुलांना मोबाइलवरचे एक चित्र दाखवून "दोन त्रिकोण जोडले की माणूस झाला" असे शिकवले जाते. काहीच नसण्यापेक्षा हे बरे, असे कोणी म्हणेल आणि तेही खरे आहे. पण ज्या मुलाला त्या चौकातली पालघट देवी कोण, हे कोणी सांगितलेले नाही, त्याला आपण वारलीही शिकवली नाही आणि पाहायलाही शिकवले नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांबद्दलही बोलले पाहिजे. कला संचालनालयाच्या या परीक्षांना आजही दरवर्षी महाराष्ट्रातली लाखो मुले बसतात. खेड्यातल्या मुलाला वस्तुचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन यांची तोंडओळख करून देणारी याच्याइतकी दूरवर पोहोचलेली दुसरी व्यवस्था आपल्याकडे नाही, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. दहावीला इंटरमिजिएटच्या अ श्रेणीसाठी 7, ब श्रेणीसाठी 5 आणि क श्रेणीसाठी 3 वाढीव गुण मिळतात. या गुणांमुळे अनेक शाळांत निदान परीक्षेपुरता तरी चित्रकलेचा तास जिवंत राहिला, हे मी नाइलाजाने कबूल करते. मात्र त्याच गुणांमुळे पालक आता सुट्टीतल्या झटपट वर्गांना मुलांना पाठवतात. तिथे नक्षीकामाचा एकच नमुना घोटून घेतला जातो, कोणता रंग कुठे भरायचा हेही पाठ करून घेतले जाते, आणि परीक्षा झाली की रंगांची पेटी माळ्यावर जाते. सात गुण पदरात पडले, काम झाले. हे लिहितानासुद्धा माझा हात थरथरतो आहे. ज्या मुलाला तांब्यात खिडकी दिसली, त्याला या वर्गात सांगितले गेले असते की तांब्यावर डावीकडे एक पांढरा पट्टा सोड आणि पुढे चल.

सर आमच्या कागदाला कधीही हात लावत नसत. कोणाचे चित्र बिघडले आणि त्याने पेन्सिल पुढे करून "तुम्हीच काढून द्या ना सर" म्हटले, तर ते स्वतःच्या वेगळ्या कागदावर काढून दाखवत आणि म्हणत, "हे माझं. आता तू तुझं काढ." तांब्यात खिडकी पाहणाऱ्या त्या मुलाच्या वस्तुचित्रात तांब्या एका बाजूला कलला होता आणि वांगी स्टुलावरून घरंगळतील अशी दिसत होती. खिडकी मात्र तिच्या जागी होती, वाकलेल्या गजांसकट. सरांनी ते चित्र तसेच, एकही दुरुस्ती न करता, कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावले. त्यानंतर तो मुलगा शाळेत न चुकता येऊ लागला. तो पुढे चित्रकार वगैरे झाला नाही. गावातच शेती करतो आणि त्याचे उत्तम चालले आहे. चित्रकलेच्या तासाचे मोल ठरवायला त्यातून चित्रकार निपजलाच पाहिजे, ही अट मला मुळातच मान्य नाही. गणिताच्या तासातून प्रत्येक जण गणिती व्हावा, असे आपण कधी म्हणतो का?

ज्यांना हे सगळे श्रीमंतांचे चोचले वाटतात, त्यांनी एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन यावे. सरांनी आमच्या वर्गाची सहल तिथे नेली होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढत. यमाईच्या डोंगरावर त्यांनी 1938 साली चित्रसंग्रहालय उघडले. त्यांचे संस्थान लहान आणि तेही आमच्यासारख्याच दुष्काळी मुलखातले, तरीही तिथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, चित्रकार धुरंधरांची आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मुलाचे दगडी शिल्पसुद्धा आहे. आम्ही अनवाणी पायांची, एसटीने आलेली मुले त्या शिल्पाभोवती फिरत होतो. त्याला धड नाकडोळे नव्हते, तरी ती आई आहे हे आम्हाला कोणी सांगावे लागले नाही. आजही ते संग्रहालय तिथेच आहे. साताऱ्या-सांगलीच्या किती शाळा आपल्या मुलांना तिथे नेतात आणि किती शाळा वॉटर पार्कला नेतात, ते तुम्हीच आठवून पाहा.

कागदावर आपण अजिबात मागे नाही. 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा विषय सक्तीचा असावा, असे सांगितले. 2020च्या शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर असे भेद ठेवू नका, असे सांगितले. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने मात्र सहावी ते आठवीसाठी कलेला अर्धवेळ निदेशक दिला आणि तोही जिथे शंभराहून अधिक मुले आहेत त्या शाळांना. म्हणजे वाडीवस्तीवरच्या लहान शाळेतल्या मुलाने कलाशिक्षकाची अपेक्षाच करायची नाही. कलाशिक्षक निवृत्त झाला की त्याच्या जागी दुसरा येत नाही, हे मी माझ्या ओळखीच्या किती शाळांत पाहिले आहे. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून बसलेली तरुण मुले लग्नसमारंभात नावांचे फलक रंगवत आहेत आणि शाळेत चित्रकलेचा तास ज्याच्याकडे रिकामा वेळ आहे त्याच्या गळ्यात पडतो. शाळांकडे पैसा नसतो, शिक्षकांवर नको त्या कामांचा बोजा असतो, हे सगळे मला ठाऊक आहे. पण तांब्याला, जुनेराला आणि स्टुलाला किती पैसे लागतात?

इथपर्यंत लिहून मी पुन्हा त्या दुकानातल्या ताईंचा विचार करते आहे आणि त्यांच्यावरचा माझा राग ओसरला आहे. त्या नोकरीवरून थेट आल्या होत्या. खांद्याला डब्याची पिशवी तशीच होती. तास होत नाही, हे त्यांनी शाळेत विचारले असते तर "आधी गणिताचे गुण बघा" हेच ऐकावे लागले असते, आणि चारचौघांत ते ऐकून घेण्याची ताकद दिवसाच्या शेवटी प्रत्येक आईत उरत नाही. एकट्या पालकाला शाळा सहज गप्प करते. वीस पालक एकत्र गेले तर तसे करता येत नाही.

म्हणून माझ्या मुलीच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या येत्या बैठकीत मी एक पत्र देणार आहे. चित्रकलेचा तास दुसऱ्या कोणत्याही विषयाला देऊ नये. चित्रकलेची वही वर्गातच पूर्ण करून घ्यावी, घरी देऊ नये. अपुरी राहिली तर अपुरीच तपासावी. वर्षातून एकदा प्रत्येक मुलाचे एक चित्र, निवड न करता आणि क्रमांक न देता, शाळेच्या भिंतीवर लावावे. कलाशिक्षकाची जागा भरेपर्यंत परिसरातल्या एटीडी झालेल्या एखाद्या तरुणाला संघाच्या निधीतून मानधन द्यावे, आणि त्या मानधनातला माझा वाटा मी आधीच काढून ठेवला आहे. पत्राचा मसुदा तयार आहे. त्याच शाळेत ज्यांची मुले आहेत त्यांनी मला निरोप पाठवा, मी सहीसाठी घरी येईन. दुसऱ्या शाळांतल्या पालकांना हाच मसुदा स्वतःच्या शाळेत द्यायचा असेल तर जरूर मागा, शाळेचे नाव तेवढे बदलून घ्या.