फोंडेकरबाब, सहा जणांच्या टेबलावर थांबणे फुकट नसते

नमस्कार फोंडेकरबाब,

सहा जणांच्या ऑनलाइन पोकर स्पर्धांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात मांडतो. पहिला, हातात आलेल्या एक्का-नऊसारख्या दोन पत्त्यांवर रेज करायला (म्हणजे पैज वाढवायला) सांगणे म्हणजे शुद्ध जुगार, शेवटी जिंकतो तो संयमी माणूस. दुसरा, हाच लेखक पुढे बबलवर (आणखी एक जण बाहेर पडला की उरलेल्यांना बक्षीस, त्या टप्प्यावर) एक्का-राणी फेकायला सांगतो, म्हणजे त्याच्या बोलण्यात मेळ नाही. तिसरा, गोव्यात राहून असे लिहिणे म्हणजे पोरांना मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींची वाट दाखवणे.

तिसरा सगळ्यांत गंभीर, म्हणून आधी तोच घेतो. १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ आणि १९९६ साली सवलती दिल्या गेल्या आणि त्यांतून आपल्याकडे कॅसिनो आले. बांदोडकर मार्गावरून जाताना त्या बोटी मलाही दिसतात आणि तुमची काळजी मला खोटी वाटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवायला त्याने बंदी घातली. मी लिहितो ते फुकटच्या चिप्सवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांबद्दल, तिथे बक्षीसही चिप्सचेच. कॅसिनोतल्या, एक शून्य असलेल्या रुलेटच्या (आकड्यांच्या फिरत्या) चाकावर लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे होतात आणि कितीही अभ्यास केला तरी हा आकडा हलत नाही. ज्या मुलाला हा हिशेब स्वतः मांडता येतो, तो बोटीवर जाण्याची शक्यता कमी होते असे मी मनापासून मानतो.

आता तुमचा एक्का-नऊ. तुम्ही लिहिले आहे की पहिल्या जागेवरून रेज केला, मागच्याने एक्का-राजा दाखवला आणि निम्मे चिप्स गेले. लेखात एक्का-नऊ होता तो बटणावरचा (ही डीलरची जागा), आणि त्याआधी सगळ्यांनी फोल्ड केलेले, म्हणजे पत्ते टाकलेले असताना. पहिल्या जागेवरून मी तो फेकतो. पत्ते तेच राहतात, पण आपल्यानंतर किती जण बोलायचे आहेत त्यावर त्यांची किंमत ठरते. राण्यांची किंवा त्याहून मोठी जोडी, नाहीतर एक्का-राजा, असे पत्ते एखाद्याकडे येण्याची शक्यता शंभरात साधारण अडीच. आपल्यामागे आठ जण असतील तर त्यांपैकी कुणाकडे तरी ते असण्याची शक्यता १९ टक्क्यांच्या आसपास जाते, पाच असतील तर १२, आणि बटणावरून फक्त दोन ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच सक्तीने चिप्स घालणारे दोघे) उरतात तेव्हा ५. सहाच्या टेबलावरची पहिली जागा म्हणजे नऊच्या टेबलावर पहिल्या तिघांनी फोल्ड केल्यानंतरची जागा. एवढे लक्षात ठेवले की नवे काहीच पाठ करावे लागत नाही. ढोबळमानाने पहिल्या जागेवरून शंभरातले अठरा-वीस हात खेळावेत, बटणावरून चाळीसच्या पुढे. सहा जण आहेत म्हणून सगळीकडूनच मोकाट खेळायचे, असा अर्थ काढणारे फार आहेत आणि स्पर्धेतून आधी तेच बाहेर पडतात.

संयमाचे म्हणाल, तर त्याला इथे भाडे पडते. दोन्ही ब्लाइंड (बिग एक, स्मॉल त्याच्या निम्मा) आणि एका बिग ब्लाइंडएवढी अँटी (त्यावरची आणखी एक सक्तीची भर) धरली तर एका फेरीला अडीच बिग ब्लाइंड जातात. तुमच्याकडे वीस असतील तर काहीच न खेळता आठ फेऱ्या निघतील. नऊच्या टेबलावर त्या ७२ डावांच्या, सहाच्या टेबलावर ४८ डावांच्या. वर म्हटलेले मोठे पत्ते ४८ डावांत सरासरी सव्वा वेळा येतात. शिवाय ऑनलाइन स्पर्धेत ब्लाइंड काही मिनिटांनी चढतच असतात, त्यामुळे प्रत्यक्षात ४८ डावही मिळत नाहीत. आलेच पत्ते आणि बाकी सगळ्यांनी फोल्ड केले, तर हाती काय? म्हणून मागच्या जागांवरून ब्लाइंड उचलावेच लागतात. तिथेही हिशेब आहे. अडीचच्या पॉटसाठी (मध्ये जमलेल्या चिप्ससाठी) २.२ बिग ब्लाइंडचा रेज केला, तर शंभरात ४७ वेळा सगळ्यांनी फोल्ड केले तरी तेवढ्यावरच नुकसान टळते. फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामायिक पत्त्यांवर) काही लागले तर ते वेगळे.

बबलचा आक्षेप मला सगळ्यांत आवडला, कारण खरी गोम तिथेच आहे. समजा चौघे उरलेत, बक्षिसे तिघांना, एकूण बक्षिसाच्या ५०, ३० आणि २० टक्के. चौघांचे चिप्स सारखे, म्हणजे प्रत्येकाचा वाटा २५. समोरच्याने ऑल-इन केले, म्हणजे सगळे चिप्स लावले. तुम्ही कॉल करून (तेवढेच चिप्स घालून) जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण बक्षिसातला वाटा ५० होत नाही, ३८ च्या थोडा वर जातो. हरलात तर शून्य. म्हणजे कॉल परवडायला जिंकण्याची शक्यता ६५ टक्के हवी (ब्लाइंडमध्ये आधीच पडलेले चिप्स सोडून). समोरचा पत्ते न बघता ऑल-इन करतोय असे धरले, तरी वेगवेगळ्या जातीची एक्का-राणी ६४ च्या आसपासच जिंकते. एक्का-राजा जेमतेम काठावर. सत्त्यांची जोडी थोडी वर. समोरच्याने पत्ते बघून ऑल-इन केले असेल, तर एक्का-राणी फेकण्यात भित्रेपणा कसला?

आणि आता तोच डाव उलटा बघा. ऑल-इन तुम्ही आधी केलेत, तर ही ६५ टक्क्यांची अट समोरच्याच्या गळ्यात पडते. एक्का-राणी तो फेकेल, तुम्ही ब्लाइंड उचलाल. स्वतः पहिले आत शिरताना हात सैल ठेवायचा आणि दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करताना घट्ट. माझ्या दोन सल्ल्यांत तुम्हाला दिसलेली विसंगती ती हीच, आणि चिप्स कमी असताना सहाच्या टेबलावरचा बहुतेक खेळ एवढ्यावर उभा आहे. फक्त ज्याच्याकडे तुमच्याहून बरेच जास्त चिप्स आहेत आणि जो काहीही कॉल करतो, त्याच्या ब्लाइंडवर हे करू नका. फुकटच्या चिप्सवर असे खेळाडू पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी चांगले पत्ते येईपर्यंत थांबावे. तिथे तुमचा संयम अगदी योग्य.

बिग ब्लाइंडमध्ये तुम्ही प्रत्येक छोट्या रेजला फोल्ड करता असे लिहिले आहे, ते मात्र सोडा. बटणावरून २.२ चा रेज आला, स्मॉल ब्लाइंडने फोल्ड केले, तर अँटी धरून ४.७ च्या पॉटसाठी तुम्हाला फक्त १.२ घालायचे असतात. वीस टक्क्यांची शक्यता पुरते. एकाच जातीचे लागोपाठचे पत्ते तिथे फेकणे महाग पडते.

एक्का-राजापुढे हरलेला तो डाव पुन्हा पाठवाल का? दोघांकडे किती बिग ब्लाइंड होते आणि किती जण उरले होते तेही लिहा, कारण फ्लॉपवर नऊची जोडी लागल्यावर तुम्ही पूर्ण पॉटएवढी बेट का लावलीत, हे त्याशिवाय मला सांगता येणार नाही.