धोका संगणकाइतकाच राउटरलाही

'सामान्य माणसाच्या संगणकात कोणाला काय रस असणार' हा संगणक-सुरक्षेवरील लेखातील सूर पटला नाही. संगणकांवरचे हल्ले बहुतांशी माणूस निवडून होतच नाहीत. स्वयंचलित प्रोग्राम इंटरनेटवरील पत्ते ओळीने तपासत जातात आणि जिथे फट सापडेल तिथे शिरतात. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या वॉनाक्राय या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेली होती. ती वेळेत बसवली न गेल्यानेच एवढा हाहाकार झाला.

घरातील राउटर (घरभर इंटरनेट वाटणारी डबी) बाहेरून आपणहून येणारी जोडणी सहसा आत सोडत नाही, हे मान्य. परंतु केबलवाल्याने लावून दिलेल्या त्या डबीचा पासवर्ड अजूनही 'अ‍ॅडमिन' असेल, तर ती डबीच परक्याच्या ताब्यात जाऊ शकते. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने असंख्य कॅमेरे आणि राउटर अशाच कारखान्यातल्या पासवर्डांच्या जोरावर बळकावले होते. अँटिव्हायरसचे पैसे दरवर्षी न चुकता भरणारे आपण राउटरचे सेटिंग मात्र उघडूनही पाहत नाही (विक्रेतेही कधी सुचवत नाहीत, म्हणा). शिवाय, विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट, म्हणजे वर सांगितल्यासारख्या त्रुटींच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, याचा उल्लेख लेखात यायला हवा होता.