भिंत झाडाचं काम करत नाही हो

परत तो मेसेज फिरायला लागलाय. उंच इमारतीची अख्खी भिंत, त्यावर हसरी फुलं, आणि खाली मजकूर: "ही साधी भिंत नाही! या म्युरलचा रंग सूर्यप्रकाशात कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि ७२० झाडांइतकी हवा शुद्ध करतो. प्रदूषण ९० टक्के कमी, दिवसरात्र, तेही फुकटात. झाडं लावायला जागा नाही? मग भिंती रंगवा! क्लायमेट चेंजवर उपाय सापडलाय, प्रत्येक शहराने हे करायलाच हवं."

चित्र खरं आहे. पोलंडमधल्या वॉर्सा शहरात २०२० साली काढलेलं, कॉन्व्हर्स या बुटांच्या कंपनीने जगातल्या अनेक शहरांत अशा भिंती रंगवून घेतल्या त्या मोहिमेतलं. रंगात काहीतरी वेगळं आहे हेही खरं. पण त्यापुढचं जवळजवळ प्रत्येक वाक्य एकतर चुकीचं आहे नाहीतर अर्धवट, तर एकेक घेऊया.

"कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो."

नाही घेत. इथेच खरं तर निम्मा मेसेज संपतो. या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्याच्यावर अतिनील किरण पडले की पृष्ठभागावर अशी काही क्रिया सुरू होते की जवळ आलेल्या वायूंचं ऑक्सिडेशन होतं, म्हणजे सोप्या भाषेत ते न पेटता जळतात. फुजिशिमा आणि होंडा या दोन जपानी संशोधकांनी १९७२ साली टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं, तिथून हा सगळा विषय वाढला. आता या रंगाचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड (नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड हे दोन वायू), त्यांचं नायट्रेट होतं आणि ते भिंतीवरच बसतं. कार्बन डायऑक्साइडचं काय? तो आधीच जळून झालेला कार्बन आहे, त्याला अजून काय जाळणार! उलट या भिंतीवर सेंद्रिय वाफा पूर्ण तुटल्या तर त्यातून थोडा कार्बन डायऑक्साइड बाहेरच पडतो. थोडाच, घाबरायचं काही नाही, पण दिशा बघा.

म्हणजे गल्लत काय झालीय, तर शहराची घाण हवा आणि तापणारी पृथ्वी हे दोन प्रश्न एकाच पिशवीत टाकलेत. दोन्हींचं मूळ बऱ्याचदा एकच असतं, जाळलेलं इंधन, पण नायट्रोजन डायऑक्साइड कमी झाला म्हणून तापमानवाढ थांबत नाही. आणि श्वासातून आत जाणारे पीएम २.५ चे बारीक कण? त्यांच्यावर या रंगाची मात्रा जवळपास चालत नाही, उलट धूळ आणि काजळी भिंतीवर बसली की रंगाला ऊन मिळायचं बंद होतं.

"७२० झाडांइतकी हवा शुद्ध करतो."

हा आकडा मला फार आवडतो कारण तो स्वतःच स्वतःला पाडतो. २०१८ साली रोममध्ये ओस्तिएन्से भागात इएना क्रूझ या चित्रकाराने याच प्रकारच्या रंगाने एक बगळा काढला, साधारण १००० चौरस मीटरची भिंत. तेव्हा सगळीकडे छापून आलं की ही भिंत ३० झाडांइतकं काम करते. तीस! मग त्याच हिशोबाने ७२० झाडांसाठी भिंत लागेल २४,००० चौरस मीटरची, म्हणजे फुटबॉलची तीनपेक्षा जास्त मैदानं उभी करून ठेवली तर. वॉर्साची भिंत एका इमारतीची एक बाजू आहे. दोन वर्षांत रंग इतका सुधारला असेल असं कोणाला वाटत असेल तर वाटो बापडं.

हे आकडे एवढे वरखाली का होतात? कारण "एक झाड" हे मापच नाहीये. कुठलं झाड, किती वयाचं, आणि कशाच्या बाबतीत झाडाइतकं? नायट्रोजन ऑक्साइड ओढून घेण्यात झाड तसं कच्चंच असतं, आणि नेमक्या त्याच विषयाची परीक्षा घेऊन भिंत पहिली आली म्हणून पेढे वाटायचे असं चाललंय. अमेरिकेतल्या झाडांचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये आला होता, त्यात देशभरातल्या सगळ्या झाडांनी मिळून २०१० या वर्षात १.७४ कोटी टन प्रदूषक ओढले असा अंदाज होता, आणि तरी हवेच्या दर्जात सरासरी फरक १ टक्क्याहून कमी. एवढी जंगलं धरून! झाडाची खरी कामं वेगळीच आहेत: सावली, पाणी बाष्पात सोडून हवा थंड करणं, पावसाचं पाणी धरणं, मुळांनी माती धरणं, पाखरं, किडे. भिंतीवर काढलेल्या बगळ्याखाली उन्हात उभं राहून बघा गार वाटतं का.

आणि समजा, अगदी समजा, की भिंत खरंच ७२० झाडांइतका कार्बन डायऑक्साइड खाते. मोठं झाड वर्षाला २० किलोच्या आसपास घेतं असं सर्रास धरतात, तो आकडा पण झाडागणिक बदलतो, पण धरू. झाले १४.४ टन. जगातल्या सरासरी माणसाच्या नावावर इंधनातून वर्षाला साधारण ४.७ टन लागतात. म्हणजे तीन माणसांचा हिशोब मिटला, आणि जगाचं वर्षाचं उत्सर्जन ३७ अब्ज टनांच्या घरात आहे. "उपाय सापडलाय" म्हणे.

"प्रदूषण ९० टक्के कमी."

ऐंशी-नव्वद टक्के हा आकडा येतो प्रयोगशाळेतून, आणि तिथे तो खोटा नसतो. फक्त ती चाचणी कशी असते ते कोणी सांगत नाही. या कामासाठी जी आंतरराष्ट्रीय आयएसओ चाचणी आहे त्यात साधारण ५ बाय १० सेंटीमीटरचा तुकडा घेतात, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जवळपास. वर काच, आणि तुकडा आणि काच यांच्यात फक्त ५ मिलिमीटरची फट. त्या फटीतून मिनिटाला ३ लिटर हवा सोडतात, ठरावीक अतिनील प्रकाश सतत चालू, आणि हवेत नायट्रिक ऑक्साइड असतो दहा लाखात १ भाग, जो रस्त्यावरच्या नेहमीच्या हवेच्या कितीतरी पट आहे. कुठला रंग जास्त चांगला हे ठरवायला ही चाचणी उत्तम. पण तिथे हवेला रंगाला घासून जाण्यावाचून दुसरा रस्ताच नसतो. रस्त्यावर असतो ना, अख्खं आभाळ आहे.

जरा हिशोब करून बघू, कागदावर. भिंत घ्या १० बाय २० मीटर, २०० चौरस मीटर. (शेफील्ड विद्यापीठाने २०१४ मध्ये एवढ्याच मापाच्या कापडावर याच तंत्राची एक कविता लावली होती, त्यांनी तुलना झाडांशी न करता गाड्यांशी केली, दिवसाला साधारण २० गाड्यांचं नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे निदान एककाचा तरी ताळमेळ.) रस्ता २० मीटर रुंद, इमारत २० मीटर उंच, वारा अगदी मंद, सेकंदाला १ मीटर. म्हणजे दर सेकंदाला ४०० घनमीटर हवा भिंतीसमोरून निघून जाते. चांगल्या उन्हात, उदार होऊन, असं धरू की भिंत सेकंदाला तिच्या लगतचा ५ मिलिमीटर जाडीचा हवेचा थर पूर्ण साफ करते. २०० चौरस मीटर गुणिले ५ मिलिमीटर, झाला १ घनमीटर. चारशेत एक. पाव टक्का. आणि वारा जरा वाढला की तोही नाही.

हे नुसतं माझं गणित म्हणून सोडून देऊ नका, प्रत्यक्ष मोजलंय लोकांनी. ब्रुसेल्समधल्या लिओपोल्ड दुसरा या गाड्यांच्या बोगद्यात २०११ ते २०१३ दरम्यान युरोपीय संशोधकांनी भिंती आणि छताला असा थर दिला, वरून अतिनील दिवे लावले, आधीची आणि नंतरची हवा मोजली. बोगदा म्हणजे या रंगासाठी त्यातल्या त्यात सोयीची जागा, हवा कोंडलेली, गाड्या भरपूर. फरक निघाला तो मोजणीच्या अनिश्चिततेतच बुडाला, म्हणजे फार तर २ टक्के. कारणंही त्यांनीच सांगितली: दिव्यांचा प्रकाश कमी पडला, दमट हवा, आणि इतक्या घाणीत थराचा जोरच उतरला. ब्रिटिश सरकारला हवेबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ गटाने २०१६ मध्ये या सगळ्या रंगांचा आढावा घेतला, त्यांचंही म्हणणं तेच की असे पृष्ठभाग सगळीकडे केले तर बाहेरच्या हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड कमी होईल याला फारसा पुरावा नाही.

"दिवसरात्र, तेही फुकटात."

रात्री अतिनील किरण कुठून आणणार? या पदार्थाला साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी लागतात, उन्हात त्यांचा वाटा जेमतेम काही टक्के. सावलीतली भिंत, ढगाळ दिवस, रात्र, सगळं वजा करा. फुकट पण नाही, कारण तयार झालेलं नायट्रेट भिंतीवर साचतं आणि पाऊस येऊन धुऊन नेईपर्यंत काम मंदावतं, आणि धुतलं की ते गटारात जातं. काही परिस्थितीत असे पृष्ठभाग नायट्रस ॲसिडची वाफही सोडतात, जी पुढे ओझोन बनायला हातभार लावते.

आता एक गोष्ट जी भिंती रंगवणाऱ्यांना लगेच कळेल आणि मेसेजमध्ये कधीच नसते. टायटॅनियम डायऑक्साइड काही दुर्मिळ जादूचं द्रव्य नाही, जवळजवळ प्रत्येक पांढऱ्या रंगात तेच असतं. फक्त साध्या रंगात त्याच्या कणांवर मुद्दाम सिलिका, ॲल्युमिना यांचं कवच चढवतात, का तर त्याने उन्हात स्वतःच्याच बाइंडरला, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणाऱ्या चिकट भागाला, खाऊ नये म्हणून. नाहीतर भिंतीवरून हात फिरवला की खडूसारखी पूड हाताला लागते. हवा साफ करणाऱ्या रंगात हे कवच नको असतं, म्हणून बाइंडर चुन्याचा किंवा सिलिकेटचा घ्यावा लागतो. नेहमीचा ॲक्रिलिक घेतला तर तो हळूहळू तुटतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइडसारख्या वाफा येऊ शकतात. हे झालं रंगाचं. मग चित्र पूर्ण झाल्यावर आपण काय करतो? रंग उडू नये, कोणी वर काही खरडलं तर पुसता यावं, म्हणून क्लिअर कोट मारतो, आणि चांगल्या क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण अडवणारं द्रव्य असतंच, त्यासाठीच तर तो महाग मिळतो. झालं! हवा आत जात नाही, किरण आत जात नाहीत, खाली कितीही भारी रंग असू दे. खाली हवा साफ करणारा थर आणि वर साध्या रंगाने चित्र काढलं तरी तेच. कोट न मारावा तर चित्र लवकर फिकं पडणार. म्हणजे भिंतीने टिकायचं की हवा खायची, हे आधी ठरवावं लागतं.

"झाडं लावायला जागा नाही? मग भिंती रंगवा!"

हे वाक्य सगळ्यात धोकादायक. कारण ते पुढे "झाड तोडलं तर काय झालं, भिंत आहे ना" इथपर्यंत जायला वेळ लागत नाही. रंगानेच काही करायचं असेल तर छप्पर पांढरं रंगवा, ऊन परत फिरतं आणि खालची खोली खरंच कमी तापते, त्यात जादू नाही आणि झाडांचे आकडेही नाहीत. फक्त त्याचा फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता चित्रांबद्दल, कारण मला खरा राग तिथे आहे. पर्यावरणावरचं म्युरल म्हणजे भर रस्त्यात, तिकीट न काढता, कोणाकडे तरी दाखवलेलं बोट. ब्राझीलचा मुंडानो नावाचा चित्रकार बघा. २५ जानेवारी २०१९ ला ब्रुमाजिन्योमध्ये खाणीच्या गाळाचं धरण फुटलं, २७० माणसं गेली. त्याने तिथला गाळ आणून त्याचाच रंग केला आणि साओ पावलोच्या एका इमारतीवर तिथले कामगार काढले. २०२१ मध्ये ॲमेझॉन आणि इतर जळालेल्या जंगलांतली राख गोळा केली आणि त्या राखेने वणवा विझवणारा माणूस काढला, १००० चौरस मीटरहून मोठा. २०२४ मध्ये पुराचा चिखल आणि राख वापरून काढलेल्या भिंतीवर तर कारगिल या धान्य-सोयाबीनच्या बलाढ्य कंपनीलाच नाव घेऊन जंगलतोडीबद्दल जाब विचारला. यातली एकही भिंत हवेचा कणभरही साफ करत नाही. पण समोरून जाणाऱ्याला कळतं की कोणी काय केलंय.

आता याच भिंतींवर "३०० झाडांइतकी हवा शुद्ध" अशी पाटी लावून बघा. आरोप गेला, उपकरण उरलं. धूर कोण सोडतंय हा प्रश्नच उडाला कारण धूर खायला भिंत आलीय. आणि ज्याच्याकडे बोट दाखवायचं तोच उद्या भिंतीचा प्रायोजक म्हणून कोपऱ्यात लोगो टाकायला मोकळा.

"एवढं निगेटिव्ह कशाला, थोडा तरी फायदा होतोच ना" हे उत्तर येणार मला माहितीये. होतो, पाव टक्का, उन्हात, कोट मारला नसेल तर. त्याच पैशात रस्त्यावरच्या काही जुन्या डिझेल गाड्या कमी झाल्या तर धूर भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच कमी होतो, आणि चित्रकाराला साधा चांगला रंग देऊन त्याला काय म्हणायचंय ते म्हणू दिलं तर चित्रही चांगलं होतं. तरी कोणी तुमच्याकडे असा प्रस्ताव घेऊन आलंच तर तीन गोष्टी विचारा: नेमका कुठला वायू कमी होणार, तो बाहेर रस्त्यावर कोणी आणि कुठे मोजलाय, आणि चित्रावर शेवटचा हात कशाचा देणार आहात. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक रंगवणाराच खरं उत्तर देईल, प्रेझेंटेशनवाला नाही.