आरतीच्या वेळी तो मोबाइल खिशात ठेवा

गेल्या महिन्यात मावशीला घेऊन गाणगापूरला गेलो होतो. चार वर्षांपासून ती मनाच्या आजाराने त्रस्त आहे, डॉक्टरांची औषधे नियमित सुरू आहेत, आणि दत्तमहाराजांच्या पायाशी एकदा बसावे ही तिची स्वतःची इच्छा होती. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान झाले, पाच घरची माधुकरी मागून झाली आणि मठातल्या झरोक्यातून निर्गुण पादुकांचे दर्शन घेताना कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा निवलेला दिसला. मग आरती सुरू झाली. घंटा-नगाऱ्यांचा गजर वाढला तसे बाधा झाली म्हणून आणलेले लोक घुमू लागले, कुणी खांबाला लटकले, कुणी केस मोकळे सोडून किंचाळू लागले, आणि त्या कल्लोळात मावशीलाही रडू कोसळून ती फरशीवर बसली. तिला सावरायला वाकलो आणि वर पाहिले, तर सात-आठ मोबाइल आमच्यावर रोखलेले! एकाने तर मलाच बाजूला व्हायला सांगितले, कारण त्याला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

ही माणसे स्वतःला दत्तभक्त म्हणवतात याचा मला मनस्वी संताप येतो. नृसिंह सरस्वतींचे हे स्थान पिढ्यान् पिढ्या दुखणाइतांचेच आहे. गुरुचरित्रातला कोड झालेला नंदी ब्राह्मण इथेच आला आणि कुष्ठाने पिडलेला नरहरीही इथेच आलेला. त्याने गुरूंच्या शब्दाखातर औदुंबराच्या वाळलेल्या लाकडाला रोज पाणी घातले, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढले होते. ती कथा सप्ताहात दरवर्षी वाचायची आणि मठात येऊन एखाद्या आजारी बाईच्या विस्कटलेल्या पदराचे चित्रीकरण करायचे, याला भक्ती कसे म्हणावे? घुमणे म्हणजे बाधा की आजार, यावर ज्याला जे मानायचे ते त्याने मानावे. पण समोरची व्यक्ती त्या क्षणी असहाय आहे, एवढे तर कोणालाही दिसते.

मनोरुग्णालयातल्या रुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे. देवळात मात्र तोच रुग्ण सगळ्यांना फुकटचा तमाशा वाटतो, ‘गाणगापुरात भूत उतरताना पाहा’ असे मथळे देऊन त्याच्या वेदनेवर लाखो लोकांची गर्दी जमवली जाते, आणि त्याच्या घरी लग्नाची मुलगी असेल, त्याला उद्या नोकरीवर जायचे असेल, याचा विचार कोणीही करत नाही. चपला बाहेर काढून ठेवायला लावता येतात, तर आरतीपुरते मोबाइल बंद का करायला लावता येऊ नयेत?

येत्या पौर्णिमेला पुन्हा जाऊ या का, असे मी परवा मावशीला विचारले. तिने पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि म्हणाली, “नको रे बाळा, तिथे फोटो काढतात.”