‘काउंटीवाले सगळा टॅक्स खातात’: जरा बिल उघडून बघू या

जानेवारी लागला की उत्तर टेक्ससमधल्या आपल्या मराठी ग्रुपांवर दोन गोष्टी हमखास येतात: तिळगुळाचे फोटो आणि प्रॉपर्टी टॅक्सवरचा तो मेसेज. मला तो तीन ग्रुपांवरून आला, आणि चौथ्यांदा थेट साताऱ्याहून, सासऱ्यांकडून. ‘तुमच्याकडे असं चालतं?’ असा प्रश्न जोडून. मेसेज थोडक्यात असा:

‘काउंटीचे पाच जण दर सोमवारी बंद दाराआड बसतात, तीस-चाळीस ठराव एका मिनिटात पास करतात आणि लाखो डॉलर वाटून टाकतात. तुमच्या घराची किंमत हेच फुगवतात, टॅक्स हेच वाढवतात, बिलातला सगळा पैसा यांच्याकडेच जातो. वर स्वतःला कोर्ट म्हणवतात, म्हणजे दाद मागायची सोय नाही. रस्त्यांची मात्र बोंब. सगळ्यांना पाठवा.’

पाठवणारी मंडळी साधी नाहीत. गणेशोत्सवाच्या जेवणाचा हिशेब एक्सेलमध्ये सेंटपर्यंत लावणारी आहेत. पण ज्या बिलावर एवढा राग, ते त्यांच्यातल्या बहुतेकांनी कधी उघडलेलंच नसतं, कारण कर्ज देणारी कंपनी ते एस्क्रोतून, म्हणजे हप्त्याबरोबर टॅक्ससाठी बाजूला काढलेल्या पैशांतून, परस्पर भरते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि मेसेजातले ‘पाच जण’ म्हणजे तिचा कारभार बघणारे काउंटी जज आणि चार कमिशनर. मी कॉलिन काउंटीत राहतो, म्हणून उदाहरणं इथलीच देतो. टेक्ससात काउंट्या २५४ असल्या तरी कायद्याचा सांगाडा सगळीकडे तोच.

‘बिलातला सगळा पैसा काउंटीकडेच जातो’

मेसेजमधला हा सगळ्यात मोठा घोळ, आणि यात लोकांचा दोष कमीच. बिल येतं काउंटीच्या टॅक्स ऑफिसच्या नावाने, भरायचं त्याच ऑफिसच्या वेबसाइटवर, उशीर झाला तर दंडाची नोटीसही तिथूनच. पण पिग्मी गोळा करणारा रोज दारात येतो म्हणून पैसे त्याचे होतात का? टॅक्स ऑफिस वसुली करतं आणि ज्याचा त्याला वाटा पोचवतं.

बिलावर नावांची एक छोटी यादी असते आणि प्रत्येक नावापुढे त्याचा दर. फ्रिस्कोतलं, कॉलिन काउंटीच्या हद्दीतलं घर घ्या. २०२४ च्या बिलात शंभर डॉलर किमतीमागे शाळांचा, म्हणजे फ्रिस्को आयएसडी या शाळा-मंडळाचा दर होता १ डॉलर आणि वर पावणेतीन सेंटांच्या आसपास. शहराचा साडेबेचाळीस सेंट. कॉलिन कॉलेज या इथल्या सरकारी कॉलेजचा ८.१२ सेंट. आणि काउंटीचा १४.९३ सेंट. बेरीज होते १ डॉलर ६८ सेंट. सवलती बाजूला ठेवल्या तर शंभर डॉलर टॅक्समधले ६१ शाळांना, २५ शहराला, ५ कॉलेजला आणि उरलेले ९ काउंटीला. मेसेजातला ‘सगळा पैसा’ तो हाच, नऊ डॉलर.

घर बघायला गेलो तेव्हा एजंटाला पहिला प्रश्न काय विचारला होता, आठवतं? शाळेचं रेटिंग. बिलातली सगळ्यात लांब ओळ त्या रेटिंगची आहे. शाळांचं मंडळ वेगळं, त्याची निवडणूक वेगळी, त्याचं अंदाजपत्रक वेगळं. कमिशनरांना त्यातल्या एका पेन्सिलीवरही मत देता येत नाही. शाळेच्या टॅक्समध्ये राहत्या घराला मिळणारी सूटसुद्धा राज्याची: २०२३ मध्ये ती एक लाख डॉलर झाली आणि नोव्हेंबर २०२५ च्या मतदानाने एक लाख चाळीस हजार.

‘घराची किंमत हेच फुगवतात’

नाही. किंमत ठरवतो अप्रेझल डिस्ट्रिक्ट. १९७९ च्या कायद्याने हे काम वेगळ्या संस्थेकडे गेलं. त्याआधी शहर, शाळा, काउंटी असा जो तो आपापली किंमत लावायचा आणि एकाच घराच्या तीन किमती निघायच्या. हरकत नोंदवायची मुदत साधारण १५ मेपर्यंत. नोटीस उशिरा निघाली तर ती पाठवल्यापासून तीस दिवस. राहत्या घराची टॅक्ससाठीची किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, बाजारभाव कितीही उडो. फक्त त्यासाठी होमस्टेडचा, म्हणजे ‘हे माझं राहतं घर’ असं सांगणारा, अर्ज भरलेला हवा. ज्यांनी तो भरलेला नाही त्यांनी हा लेख इथेच सोडून आधी ते काम करावं.

‘टॅक्स वर्षागणिक वाढवतात’

इथे मेसेज अर्धा खरा आहे, आणि काउंटीची बढाईही अर्धीच खरी. कॉलिन काउंटीचा दर २०१३ च्या सुमारास चोवीस सेंटांच्या जवळ होता, तो उतरत उतरत पंधराच्या खाली आला. काउंटीचे पुढारी हा आकडा छातीवर बिल्ल्यासारखा लावून फिरतात. पण याच काळात घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, त्यामुळे दर उतरला तसं बिल उतरलं नाही. दर घटल्याची बातमी ऐकून बिल हलकं होईल असं ज्याला वाटतं, त्याला गिरणीवाल्याचा काटाही कळलेला नाही.

खरी वेसण २०१९ साली आली. त्या वर्षीच्या कायद्याने शहरांना आणि काउंट्यांना सांगितलं की जुन्याच मालमत्तांवरचं, रोजच्या खर्चासाठीचं उत्पन्न साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त वाढेल असा दर लावायचा असेल तर आधी लोकांचं मत घ्या. पूर्वी ही रेघ आठ टक्क्यांवर होती, आणि ती ओलांडली तरी मतदान मागायला लोकांनाच सह्या गोळा करत फिरावं लागे. नवी घरं, नवी दुकानं यांचं उत्पन्न या मोजणीत धरत नाहीत, म्हणून इथल्यासारख्या फुगत्या काउंटीचं एकूण उत्पन्न वाढतच राहतं.

‘बंद दाराआड, तीस ठराव एका मिनिटात’

हा मुद्दा वाचून मला हसू आलं, कारण तो एक मिनिट मी पाहिला आहे. एका सोमवारी दुपारी रजा टाकून मॅकिनीला ब्लूमडेल रोडवरच्या काउंटीच्या इमारतीत गेलो. दार उघडं होतं. प्रेक्षकांच्या खुर्च्या जवळपास सगळ्या रिकाम्या. समोर पाच जण: मधोमध काउंटी जज, दोन्ही बाजूंना चार कमिशनर. ‘कन्सेंट अजेंडा’, म्हणजे एकत्र मंजूर करायच्या विषयांचा गठ्ठा, पुकारला, एकाने सुचवलं, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, हात वर झाले, संपलं. मला क्षणभर आमच्या तालुक्यातल्या सभा आठवल्या, ‘मंजूर, मंजूर’ म्हणत बाकं वाजवायची.

पण विषयपत्रिका आदल्या रात्री वाचून गेलो होतो. त्यात काय असतं? मागच्या सभेचं इतिवृत्त. आलेल्या बिलांची यादी. डांबराचा वर्षभराचा करार. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाच्या, गाड्यांची दुरुस्ती. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवलेली रक्कम. बाहेरगावच्या प्रशिक्षणाला जायची परवानगी. म्हणजे ज्यावर भांडण नाही असे विषय. पाचांपैकी कोणालाही एखादा विषय टोचला तर तो गठ्ठ्यातून बाहेर काढून त्यावर वेगळी चर्चा घेता येते.

शिवाय एक फरक मनात ठसला. आपल्याकडे ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ ही काय चीज असते, हे जिल्हा परिषद जवळून पाहिलेल्याला सांगायला नको. खरं राजकारण तिथेच शिजतं. इथे ती सोय नाही. जो विषय आधी जाहीर झालेला नाही त्यावर सभेत निर्णय तर सोडाच, चर्चाही करता येत नाही. अपवाद फक्त खऱ्याखुऱ्या आणीबाणीचा. पूर्वी सूचना ७२ तास आधी लागायची, १ सप्टेंबर २०२५ पासून कामकाजाचे तीन दिवस आधी. दार बंद करता येतं ते वकिलाचा सल्ला, जमीनखरेदी, नोकरभरती अशा मोजक्या कारणांसाठी, आणि मतदान पुन्हा दार उघडूनच. पाचांपैकी तिघांनी कॉफी पीत काउंटीच्या कामाचं काही ठरवलं, तर तीसुद्धा बेकायदा सभाच.

आता ते ‘वाटलेले लाखो डॉलर’. कुठलंही बिल काउंटी ऑडिटरने तपासून मान्य केल्याशिवाय चुकतं करता येत नाही. आणि ऑडिटर कमिशनरांनी नेमलेला नसतो. त्याला जिल्हा न्यायालयांचे न्यायाधीश नेमतात, दोन वर्षांसाठी. ज्याच्या वह्या तपासायच्या त्याच्याच हाती नोकरी राहू नये, एवढी अक्कल कायदा करणाऱ्यांनी दाखवली. मोठ्या खरेदीला सीलबंद निविदा लागतात. ती मर्यादा पन्नास हजार डॉलर होती, २०२५ मध्ये लाखावर नेली. ही वाढ मला स्वतःला पटलेली नाही. पण मेसेजवाल्यांना तिचा पत्ताही नाही.

आणि बिलं डोळे मिटून पास होतात म्हणावं, तर एक गाजलेलं प्रकरण याच काउंटीतलं आहे. राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य सरकारी वकील, केन पॅक्स्टन यांच्यावर २०१५ मध्ये इथे रोखे-फसवणुकीचे आरोप ठेवले गेले. त्यासाठी नेमलेल्या विशेष सरकारी वकिलांना तासाला ३०० डॉलर द्यायचं न्यायाधीशांनी कबूल केलं होतं. २०१७ मध्ये दोन लाख डॉलरच्या वरचं बिल आलं. कमिशनरांनी ते नाकारलं. द्या असा न्यायाधीशांचा हुकूम असतानाही दिलं नाही, उलट वरच्या कोर्टात गेले. डॅलसच्या अपील न्यायालयाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयानेही. मुद्दा साधा होता: वकिलांच्या फीचं दरपत्रक ठरलेलं आहे, त्याबाहेर तासाचा भाव लावता येणार नाही. यामागे राजकारण होतं का? पॅक्स्टन इथलेच आणि कमिशनरांच्याच पक्षाचे, तेव्हा शंका घेणाऱ्यांनी खुशाल घ्यावी. पण एक बिल अडवायला हीच मंडळी कुठवर जाऊ शकतात, तेही त्यात दिसलं.

‘कोर्ट म्हणवतात, म्हणून दाद नाही’

नावाचा गोंधळ आहे खरा. कमिशनर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महापालिकेचे आयुक्त येतात, सरकारने नेमलेले, बदली होणारे. इथले कमिशनर निवडून येतात, चार विभागांतून चौघे, चार वर्षांसाठी. काउंटी जज सगळ्या काउंटीतून. ‘कमिशनर्स कोर्ट’ हे नाव १८७६ च्या राज्यघटनेतून चालत आलेलं आहे. काम कारभाराचं, खटल्यांचं नाही. त्यांचा निर्णय चुकला तर खऱ्या न्यायालयात जाता येतं.

‘रस्त्यांची बोंब’

३८० नंबरच्या हायवेवर संध्याकाळी सहाला अडकलेल्या माणसाला समजावणं कठीण, मीही तिथे मराठीतल्या ठेवणीतल्या शिव्या दिल्या आहेत. पण तो हायवे राज्याच्या खात्याकडे. टोलवे टोल प्राधिकरणाकडे. घरासमोरची गल्ली शहराकडे. काउंटीच्या स्वतःच्या ताब्यातले रस्ते म्हणजे शहरांच्या हद्दीबाहेरचे. तरीही काउंटी मोठ्या रस्त्यांना पैसा देते, तो रोख्यांतून, आणि लोकांना विचारून: २०१८ मध्ये ७५ कोटी डॉलर, जवळपास सगळे रस्त्यांसाठी, २०२३ मध्ये सुमारे ६८ कोटी ३० लाख, त्यातले ३८ कोटी रस्त्यांसाठी. दोन्ही वेळा मतदान झालं. त्या दिवशी आपल्यातले किती जण गेले, ते ज्याचं त्याने आठवावं. रोजच्या अंदाजपत्रकातला मोठा घास मात्र तुरुंग, शेरीफ, न्यायालयं आणि गरीब आरोपींना द्यायचे वकील यांचा. ही कामं काउंटीला टाळता येत नाहीत.

एवढं सगळं लिहून ग्रुपवर टाकलं तर एकाने विचारलं, ‘म्हणजे सगळं आलबेल?’ तसं मी म्हटलेलं नाही. ज्या भोकावर बोट ठेवायला हवं होतं ते मेसेजात नाहीच. मतदान न घेता कर्ज काढायची एक वाट काउंटीला आणि शहरांना आहे, ‘सर्टिफिकेट ऑफ ऑब्लिगेशन’ नावाची. नोटीस छापायची आणि कर्ज काढायचं. नोंदणी झालेल्या मतदारांपैकी पाच टक्क्यांनी मुदतीत सह्या करून अर्ज दिला तरच मतदान लागतं. कॉलिनसारख्या काउंटीत पाच टक्के म्हणजे तीस हजारांहून जास्त सह्या, आणि त्या नोटिशीकडे लक्ष कोणाचं असतं?

दुसरं, आपलं वेळापत्रक चुकतं. काउंटीचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. अंदाजपत्रकाची झटापट होते जुलै-ऑगस्टात, जेव्हा आपण निम्मे पुण्या-मुंबईच्या विमानात असतो. जाहीर सुनावणी तेव्हाच असते. नव्या कायद्याप्रमाणे अंदाजपत्रकाच्या सभेच्या सूचनेबरोबर मधल्या किमतीच्या घराला टॅक्स किती पडेल त्याचा तुलनेचा तक्ताही लावावा लागतो. जानेवारीत मेसेज फिरतो तेव्हा त्या दरावर शिक्का बसून चार महिने झालेले असतात.

सासऱ्यांना मी फक्त बिलाचा फोटो पाठवला, काउंटीच्या ओळीभोवती लाल गोल करून. त्यांचं उत्तर आलं: ‘आमच्या पालिकेने एवढं फोडून दाखवलं असतं तर मी घरपट्टी मुदतीआधी भरली असती.’ आणि लगेच खाली तोच मेसेज पुन्हा, दुसऱ्या कोणाकडून तरी आलेला.