सातवा मुद्दा

मंगळवारी सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना मला आठवलं, की वरच्या मजल्यावरच्या काकांचा स्क्रूड्रायव्हर सहा महिने आपल्याकडे पडून आहे. अकराला ऑनलाइन मीटिंग होती आणि बोलायचं मलाच होतं. शहाणी बाई म्हणेल, संध्याकाळी देऊ. माझ्या डोक्यात संध्याकाळ नसते. तिथे ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’ एवढे दोनच प्रहर आहेत, आणि ‘आत्ता नाही’मध्ये गेलेली वस्तू परत येत नाही. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर पडले, मागे दार धाडकन लागलं, आणि लॅचची किल्ली, फोन, लॅपटॉप, चपला सगळं आत राहिलं.

काकांनी कुलूपवाल्याला फोन केला, इथपर्यंत त्यांचे उपकार आहेत. तो अर्ध्या तासात येतो म्हणाला. अर्धा तास पळून जाऊ न शकणारा श्रोता काकांना क्वचित मिळतो. ते पायरीवर बसले, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि म्हणाले, ‘बरं झालं सापडलीस. तुझ्या त्या आजारावर एक फार चांगलं फॉरवर्ड आलंय.’

हा आजार त्यांना काकूंकडून कळलेला. मला गेल्या वर्षी, वयाच्या ३७व्या वर्षी, एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि उतावळेपणा ताब्यात न राहण्याचा विकार, असल्याचं निदान झालं. त्याआधीही तो होताच, फक्त त्याचं नाव ‘वेंधळेपणा’ होतं. वर्गात मुलगा बाकावरून उड्या मारायला लागला की कुणालातरी शंका येते. मुलगी खिडकीबाहेर बघत गप्प बसली तर ती गुणी असते, जरा धांदरट असते, आणि तिचं डोकं गळ्यात बांधून ठेवायला हवं असतं.

‘वाचू?’

‘वाचा.’ अनवाणी माणूस दुसरं काय म्हणणार?

‘“एडीएचडीच्या दहा महाशक्ती.” एक. अफाट कल्पकता.’

‘हो,’ मी म्हणाले, ‘कल्पना सुचण्याच्या चाचण्यांत आमची माणसं सरस ठरल्याचं काही अभ्यासांत आढळलंय. सुचलेलं पुरं करण्याची चाचणी कुणी घेतली नाही म्हणजे मिळवली.’

‘निगेटिव्ह बोलायचं नाही. दोन. दांडगा उत्साह.’

स्क्रूड्रायव्हर मी दांडग्या उत्साहानेच नेला होता, भिंतीला फळी लावायला. दोन भोकं पाडून झाली आहेत. फळी सहा महिने त्या भोकांखाली उभी राहून वर बघते आहे. हे मी बोलले नाही.

‘तीन. हे लोक मुळात शिकारी. आपण बाकीचे शेतकरी.’

इथे मात्र मला राहवलं नाही. ‘काका, केनियात एरियाल नावाचे लोक आहेत. त्यांच्यावरचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. एका जनुकाचं एक रूप असतं, मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाशी निगडित, आणि एडीएचडीशीही त्याचा संबंध जोडतात. ते रूप असलेले जे पुरुष गुरं घेऊन भटकत होते, ते बाकीच्या भटक्यांपेक्षा चांगले पोसलेले निघाले. आणि तेच रूप असलेले, पण एका जागी वस्ती करून राहिलेले, ते मात्र शेजाऱ्यांपेक्षा हडकुळे.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे मी गुरं घेऊन निघायला हवं होतं. मी मीटिंगा करत बसले.’

काकांनी विचार केला. ‘बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘तंबूला लॅच नसतं.’

चौथा मुद्दा वाचताना त्यांचा आवाज जरा हलला. ‘संकटात डोकं शांत.’ गेल्या वर्षी खाली मीटरच्या पेटीतून धूर यायला लागला तेव्हा अख्खी इमारत जिन्यात उभी राहून ‘कुणीतरी फोन करा’ असं ओरडत होती, आणि मी जाऊन मेन स्विच खाली ओढला. काकांनी पाहिलं होतं. हे खरं आहे, खोटा विनय दाखवत नाही. आग लागली की माझं डोकं घड्याळासारखं चालतं. एरवी नुसती टिकटिक करतं. अडचण अशी, की आग रोज लागत नाही. रोज असतात ती बिलं. मेन स्विचबद्दल माझं अजून कौतुक होतं, आणि त्याच महिन्याचं वीजबिल उशिरा भरल्याचा दंड मी गुपचूप भरला. त्याला प्रेक्षक नव्हते.

एवढ्यात कुलूपवाला आला. आता एका नव्या माणसासमोर शोभा. आणि नेमकं तेव्हाच काका म्हणाले, ‘एवढ्या शक्ती असून तू गोळ्या कशाला घेतेस? देणगीवर कुणी औषध घेतं का? बंद करून टाक.’

ही गोष्ट मला अजून बोचते आहे. महाशक्तीवाल्या माणसाला बटण कुठे आहे ते ठाऊक असतं. माझं बटण दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे आणि तो जेवायला गेलाय. २०१३ साली आलेल्या अमेरिकन निदानपुस्तिकेत एडीएचडीची १८ लक्षणं दिली आहेत. त्यात वस्तू हरवण्याचं एक कलम आहे, आणि त्या कलमात उदाहरणं देताना पाकीट, चष्मा आणि मोबाइलच्या बरोबरीने ‘किल्ल्या’ असं चक्क छापलेलं आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर माझी दखल घेतली गेली ती तेवढीच. उपचाराविना राहिलेल्या एडीएचडीत अपघातसुद्धा जास्त होतात. ते फॉरवर्डमध्ये येत नाही, कारण त्याच्याखाली फुलांचं चित्र टाकता येत नाही. आणि गंमत बघा, ‘असलं काही नसतंच, सगळी नाटकं’ म्हणणारा आणि ‘हे तर वरदान’ म्हणणारा, दोघे शेवटी एकच सांगतात: गोळी नको, मदत नको, जमव तुझं तू.

यातलं काही मला जिन्यात सुचलं नाही. जिन्यात मी जे बोलले ते असं: ‘काका, १९४४ साली लिआंद्रो पानिझ्झोन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मेथिलफेनिडेट, हे एडीएचडीवरचं औषध, तयार केलं. स्वतः घेऊन बघितलं, विशेष काही वाटलं नाही. मग बायकोने घेतलं, तर तिचं टेनिस सुधारलं. तिचं लाडाचं नाव रिटा. म्हणून औषधाचं नाव रिटालिन.’

काका गंभीर झाले. ‘तू टेनिस खेळतेस?’

कुलूपवाला हसला, आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. त्याने एक वाकडी सळी भोकात खाली अडकवून हलका ताण दिला आणि दुसऱ्या बारीक सळीने आतल्या पिना चाचपायला लागला. पिना पाच, प्रत्येकीवर स्प्रिंग. एकेक पिन नेमक्या उंचीला उचलली की बारीक ‘टिक’ होतं. पाचही एका रेषेत आल्या की आतलं नळकांडं मोकळं होऊन फिरतं. एखादी केसभर जास्त उचलली गेली तर ताण सोडून पहिल्यापासून. मी विचारत सुटले. कुठली पिन आधी? ताण किती? बोटाला कळतं की कानाला? तिसरी पिन हट्टी होती. ती बसली तेव्हा मला त्याच्याआधी ऐकू आलं.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘लक्ष फार चांगलं आहे तुमचं.’

मला उद्देशून हे वाक्य आजवर कुणीही उच्चारलेलं नाही. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, तेवढ्यात मागून काकांनी आरोळी ठोकली, ‘पाच! तल्लीनता! बघ, इथेच लिहिलंय!’

ते बरोबर होते, याचाच जास्त राग आला. शिवाय ही तल्लीनता ज्या दाराच्या कुलपावर चालली होती, त्याच दारामागे लॅपटॉप उघडा होता आणि त्यातून माझ्या नावाने हाका येत होत्या. ‘आवाज येतोय का? म्यूटवर आहेस का?’ हे मला नंतर काकांनी सांगितलं. मी पिना ऐकत होते.

‘सहा, विनोदबुद्धी,’ काका वाचत होते. ‘आठ, प्रामाणिकपणा…’

सहानंतर आठ. चौथ्या पिनेवर जीव गुंतलेला असतानाही मला ते ऐकू आलं. हाका ऐकू येत नाहीत, गाळलेला आकडा ऐकू येतो. याला शक्ती म्हणायचं की काय, ते त्या फॉरवर्डवाल्यांनाच विचारायला हवं.

दार उघडलं तेव्हा मीटिंग संपली होती. साहेबांना मी खरं ते कळवलं. त्यांनी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ लावण्यात एक तास गेला आणि उरलेली दुपार सातव्या मुद्द्यात गेली. काय असेल? का गाळला? रात्री साडेनऊला मी किल्ली गळ्यात अडकवून वर गेले आणि बेल वाजवली.

‘सातवा कुठला?’

काका लगेच समजले. ‘“हे लोक मनात राग धरून ठेवत नाहीत.”’

‘मग वाचला का नाहीत?’

‘अगं, तुझं तोंड बघितलं होतं मी,’ काका म्हणाले, ‘आणि हातात माझा स्क्रूड्रायव्हर होता. आणलायस का?’